मनोरुग्णालयात प्रयोग करायचा, तर

ठाणे, येरवडा आणि नागपूरप्रमाणे रत्नागिरीतही राज्य सरकारचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. समजा, बागकामाने तिथल्या रुग्णांना झोप नीट लागते का, हे कुणाला तपासायचं आहे. आपणहून बागेत जाणाऱ्यांची तुलना खाटेवर बसून राहणाऱ्यांशी केली, तर सगळा खटाटोप फुकट. पुढे येणारे मुळातच जरा बरे असणार. म्हणून गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, झोपेची नोंद ठेवणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते कळू द्यायचं नाही, आणि नेहमीचे उपचार कुणाचेच थांबवायचे नाहीत.

खरी गोम संमतीत आहे. घरी कधी सोडायचं हे ठरवणारे डॉक्टरच कागद पुढे करत असतील, तर ‘हो’ला कितीसा अर्थ? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ९९वं कलम नुसत्या मुलाखतीसाठीही मुक्त, माहितीपूर्ण संमती मागतं. रुग्ण ती देऊ शकत नसेल, पण विरोधही करत नसेल, तर प्रयोगाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. संमती देऊ शकणाऱ्यांवर जे संशोधन होऊ शकतं, त्याला ही परवानगी मिळत नाही. ही अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ओळख झाकून केसपेपर अभ्यासायला मात्र मुभा आहे.

तुमच्या माणसापुढे असा कागद आला, तर एवढं जरूर विचारा: मध्येच नको म्हटलं तरी उपचार चालू राहतील ना? संमती केव्हाही मागे घेता येते, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे.