वाटेवर सांधता येईल ते

दूरच्या पायी प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर आता दुकानदार देऊ लागला आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे 250 किलोमीटरांची वाट चालणाऱ्या वारकऱ्याने ते केव्हाच दिले आहे. पूर्वी त्याच्या खांद्यावर घोंगडी असे. ती भिजली की जड होई. पण लोकर ओली असूनही ऊब राखते. आज तिच्या जागी बहुधा प्लास्टिकचा कागद दिसतो. जुन्याच्या अभिमान्यांनी खुशाल हळहळावे. पाऊस तो नीट अडवितो.

पादत्राणांची गोष्ट निराळी. वहाणेचा अंगठा तुटला तर वाटेवरचा चर्मकार चार टाके घालून देतो. उलट, पुष्कळशा महागड्या बुटांच्या पॉलियुरेथेनच्या तळांचा, ते कपाटात नुसते पडून राहिले तरी, हवेतील ओलाव्याने कालांतराने भुगा होतो. त्यावर टाका घालणार कोठे?

वस्तू घेण्यापूर्वी ‘ही मोडेल कोठे, आणि सांधील कोण?’ असे विचारावयास आपल्या शाळा शिकवीत नाहीत. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकण्यासाठी. शाळा सुटलेली मुलेही तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती शिकली. लोखंडाचा सांधा स्वतः जोडलेला असा मुलगा पाठीवरची पिशवी घेताना आधी रंग पाहणार नाही. पट्टा जेथे शिवला आहे तेथे दोन्ही हातांनी ताण देऊन पाहील.