वायूची चाहूल घेणारे पदार्थ

आमच्या नवागामहून उधना ओलांडून दक्षिणेस गेले की सचिनची औद्योगिक वसाहत लागते. तेथे ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरमधून रासायनिक द्रव्य गटारात सोडले गेले. त्यातून उठलेल्या विषारी वायूने जवळच्या कापड-छपाईच्या गिरणीतील सहा कामगारांचा बळी घेतला. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील अशाच गिरण्यांत रात्रपाळी करतात.

नाकावर विसंबावे, तर तेही फसवे. कार्बन मोनॉक्साइडला मुळी वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांची दुर्गंधी येते खरी. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करून टाकतो, आणि संकट ऐन भरात असता ते टळले असे वाटते. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत यासाठी पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. तो बिचारा कोसळला की माणसांनी पळ काढावयाचा! ही रीत १९८६ पर्यंत चालू होती.

पक्ष्याचे हे काम निर्जीव पदार्थाकडून करून घेण्याची वाट १९६२ मध्ये जपानात मोकळी झाली. सेयामा यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा, तर तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा उपयोग दाखवून दिला. कथिल म्हणजे आपल्या आज्या पितळी भांड्यांना ज्याची कल्हई करून घेत, तोच धातू. त्याचे ऑक्साइड अर्धवाहक असते. ते दोन-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागास चिकटतो व त्यातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे विजेस होणारा रोध वाढतो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची रासायनिक क्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. तो उतार मोजला की वायूची वर्दी मिळाली. कण जितके सूक्ष्म, तितका एकूण पृष्ठभाग अधिक. म्हणून आज अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांवर एवढा भर आहे.

हे संशोधन दूरदेशीच चालते असे मात्र नव्हे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या आपल्याच रेल्वेमार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. एल. ए. पाटील व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा पदार्थांवर दीर्घकाळ काम केले. बेरियम टायटेनेटच्या थरावर संस्कार करून हायड्रोजन सल्फाइड ओळखण्याविषयीचा त्यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशातील एका तालुक्याच्या गावी हे घडले, याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

विद्यावाचस्पती, म्हणजे पीएच.डी., होण्यासाठी पदार्थविज्ञान अथवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी हा रूढ मार्ग होय. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळाल्यास आरंभी दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा आहे. तेव्हा गिरणी-कामगाराच्या मुलाने खर्चाच्या धास्तीनेच हा विचार सोडू नये. सुरतेतील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व जळगावचे विद्यापीठ, दोन्ही आपल्या आवाक्यातील आहेत.

काम तर पुष्कळ शिल्लक आहे. एकच संवेदक अनेक वायूंना सारखाच प्रतिसाद देतो. मग विषारी कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे ओळखावे कसे? ऑक्साइड तापते ठेवण्यास वीज लागते, ती वाचवावी कशी? शिवाय पाण्याची वाफ पृष्ठभागावर बसून मापन बिघडविते. कोरड्या प्रयोगशाळेत अचूक ठरलेला संवेदक सुरतेच्या आषाढात, तोही गटाराच्या तोंडाशी, विश्वासाने चालेल असा पदार्थ अद्याप शोधला जात आहे.