नऊशे रुपयांचा तास

जून-जुलैत वर्तमानपत्रांत महाविद्यालयांच्या जाहिराती येऊ लागतात. तासिका तत्त्वावर, आमच्या बोलीत सीएचबीवर, प्राध्यापक नेमायचे असतात. गेल्या वर्षी ज्याने हेच वर्ग शिकवले, तोही पुन्हा अर्ज भरतो. गुणपत्रिका, सेट-नेटचे प्रमाणपत्र, पीएच.डी.ची पदवी, जातीचा दाखला, सगळ्याच्या प्रती पुन्हा जोडायच्या. मुलाखत होते, मग विद्यापीठाची मान्यता. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती.

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, कायम पदावर. विभागातल्या सीएचबी सहकाऱ्यांची बिले माझ्या सहीने पुढे जातात. बिलात तारीख, वर्ग, वेळ आणि शिकवलेला घटक लिहायचा असतो. हा तपशील मस्टर आणि वेळापत्रकाशी जुळला पाहिजे. माझ्यानंतर प्राचार्यांची सही, मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय. एखादी त्रुटी निघाली की बिल परत येते. जुलैत शिकवलेल्या तासांचे पैसे दिवाळीनंतर हातात पडलेले मी पाहिले आहेत. तोवर घरभाडे कशातून द्यायचे, हे बिलावर सही करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

2022 पासून पदवीच्या तासाला 900 रुपये मिळतात. आमच्याकडे एकाच्या वाट्याला आठवड्याला 9 तास येतात. चारही आठवडे भरले तर 32,400 रुपये. पण गणपतीची सुट्टी, स्नेहसंमेलन, विद्यापीठाची परीक्षा, निवडणुकीसाठी वर्ग ताब्यात घेतलेले दिवस. यांत तास होत नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. त्याच पात्रतेच्या कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 पासून सुरू होते, भत्ते वेगळे.

आमच्या विभागातला एक तरुण सहकारी संविधान सभेतले डॉ. आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण शिकवायचा. त्यासाठी तो मूळ कार्यवृत्त काढून वाचत बसे. तास संपला तरी पोरे त्याला व्हरांड्यात अडवून प्रश्न विचारत. बिलात त्या वाचनाचा रकाना नाही, व्हरांड्यातल्या अर्ध्या तासाचाही नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी फायली लावणे, अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो काढून ठेवणे, प्रवेशाच्या मोसमात गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हिंडणे, हेही त्याने केले. नाही कसे म्हणणार? पुढच्या जूनची मुलाखत डोळ्यांसमोर असते.

त्यात नवे शैक्षणिक धोरण पदवीला लागू झाले. मेजर-मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण अशा नव्या मांडणीत कोणत्या विषयाचा वर्कलोड किती उरेल, हे प्रवेश पुरे होईपर्यंत विभागप्रमुखालाही सांगता येत नाही. सीएचबीवाल्याचे अख्खे वर्ष त्या आकड्यावर टांगलेले.

सीएचबीवाले ‘पैशांसाठी सोडतात’ असे स्टाफरूममध्ये सहज म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. कमी पैशांत वर्षानुवर्षे काढलेली माणसे मी पाहिली आहेत. ती खचतात ती मे महिन्यात, जेव्हा बँक कर्जासाठी नोकरीचा पुरावा मागते, मुलीकडची मंडळी ‘पर्मनंट कधी होणार?’ विचारतात, आणि दाखवायला मुदत संपलेला नेमणुकीचा आदेश असतो.

यंदाच्या जाहिरातीला आलेल्या अर्जांत त्या सहकाऱ्याचा अर्ज नाही. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये राज्यघटना शिकवतो. तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो, मे महिन्याचासुद्धा.