गॅमा किरण : एक शंका व तिचे निरसन



अधूनमधून गावोगावी भ्रमणध्वनीवरून एक संदेश फिरतो : आज मध्यरात्री पृथ्वीजवळून घातक वैश्विक किरण जाणार आहेत, तरी सर्वांनी भ्रमणध्वनी बंद करून दूर ठेवावेत. दुसऱ्या दिवशी मुले व पालक ह्याविषयी गुरुजींनाच विचारतात. ‘ही अफवा आहे’ एवढे उत्तर पुरेसे होत नाही; कारण अंतराळातून तीव्र किरण पृथ्वीकडे येतात, ही गोष्ट खरी आहे. त्यांचे यथार्थ स्वरूप कळले, म्हणजे भीती आपोआप ओसरते. अशा किरणांपैकी अत्यंत तीव्र अशा गॅमा किरणांचा येथे विचार करू.

रेडिओच्या लहरी, दृश्य प्रकाश, क्ष-किरण व गॅमा किरण ही एकाच कुळातील भावंडे होत. त्यांत गॅमा किरणांची ऊर्जा सर्वांत अधिक. रेडियमचा अभ्यास करीत असता फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिलार्ड ह्यांना १९०० साली ते आढळले.

आकाशातील गॅमा किरणांच्या स्फोटांचा शोध मात्र योगायोगाने लागला. १९६३ साली अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. कोणी गुप्तपणे चाचणी करतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. पण त्याची लक्षणे अणुबाँबशी जुळेनात. शास्त्रज्ञांनी ती नोंद टाकून न देता जपून ठेवली. पुढे निरनिराळ्या उपग्रहांवर झोत पोहोचल्याच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे उगमस्थान पृथ्वी नव्हे आणि सूर्यही नव्हे, असे ठरले. १९७३ साली अशा १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध झाली. तथापि हे स्फोट आपल्या आकाशगंगेपलीकडे, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर होतात, हे सिद्ध होण्यास १९९७ साल उजाडले.

हे स्फोट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. सूर्याहून कितीतरी पट जड अशा ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो. त्यातून बहुधा दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारा झोत निघतो. दुसऱ्या प्रकारात दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून क्षणिक झोत निर्माण होतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीचे गुरुत्वीय तरंग व गॅमा किरण दोन्ही टिपले गेले. सूर्य आपल्या सुमारे १००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी असा महास्फोट काही सेकंदांत बाहेर टाकू शकतो.

मग भिण्याचे कारण काय? गॅमा किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात. त्यांच्या पुढे धावून वर्दी देणारे काहीही नाही. सबब अशा स्फोटाची वेळ आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. शिवाय आपल्या डोक्यावरील हवेचा भार सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. ह्या आवरणात ते किरण शोषले जातात. म्हणूनच त्यांच्या अभ्यासासाठी उपग्रह लागतात. आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील एका उपकरणाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कामास लागताच, असा एक स्फोट नोंदविला. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी तर आजवरचा सर्वांत तेजस्वी झोत पृथ्वीवर पोहोचला. वातावरणाच्या वरच्या थरांत त्याने किंचित खळबळ केली. कोणासही इजा झाली नाही. अगदी जवळ व नेमका आपल्या दिशेने रोखलेला स्फोट ओझोनच्या थरास हानी पोहोचवू शकेल, हे खरे; परंतु असा योग अतिशय दुर्मिळ.

वर्गात एक साधा प्रयोग करावा. खोली अंधारी करून आधी कंदील, मग विजेरी दाखवावी. कंदिलाचा प्रकाश सर्वांना दिसतो. विजेरीचा झोत ज्याच्याकडे रोखला, त्याच्याच डोळ्यांवर पडतो. हे स्फोटही विजेरीसारखे असतात, त्यामुळे बहुतेकांचा झोत आपल्याकडे येतच नाही. नंतर मुलांना फळ्यावर दोन प्रश्न लिहून द्यावेत : हे कोणी सांगितले? आणि त्याला ते कसे कळले? पुढचा संदेश येईल तेव्हा हेच प्रश्न मूल घरी विचारील, आणि त्या घरची भीती तेथेच थांबेल.