जिवावरचे पायावर निभावले, पुढे काय?
अपघातातील जखमींच्या भरपाईविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्यावरील अपघातात सापडलेला मनुष्य रुग्णालयातून जिवंत घरी परततो, तेव्हा आप्तेष्टांच्या मुखातून पहिला उद्गार निघतो तो ‘जिवावरचे पायावर निभावले’ हा. आणि त्या कृतज्ञतेच्या भरात, ज्या पायावर ते निभावले तो पाय उद्या शिडी चढू शकेल काय, नांगरामागे चालू शकेल काय, किंवा दिवसभर यंत्रापुढे उभा राहू शकेल काय, हे विचारावयाचे राहून जाते. भरपाई मागावयाची ती मृताच्या वारसांनी, जो वाचला त्याने देवाचे आभार मानून स्वस्थ बसावे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. कायदा तसे मानीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६६व्या कलमात अर्ज करण्याचा अधिकार ज्यांना दिला आहे, त्यांत अगदी प्रथम उल्लेख आहे तो दुखापत झालेल्या व्यक्तीचाच.

हा अधिकार सहजी मिळालेला नाही. १९३९ च्या कायद्यात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आली ती १९५६ च्या दुरुस्तीने. तत्पूर्वी जखमी मनुष्याला इतर कोणत्याही दिवाणी वादाप्रमाणे दावा गुदरून, वर्षानुवर्षे तारखांमागे हिंडून आपले गाऱ्हाणे मांडावे लागे. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची ही पद्धत पुढे चालविली, आणि चौकशी संक्षिप्त रीतीने करण्याची मुभा न्यायाधिकरणास दिली. व्यवस्था अशी अनुकूल असताना जखमींचे हक्क बुडतात, त्याचे मोठे कारण माझ्या मते कायद्यातील उणिवांपेक्षा लोकांच्या मनातील चुकीच्या कल्पना हे आहे.

त्यांतील सर्वांत प्रबळ कल्पना अशी की, चालकास फौजदारी न्यायालयात शिक्षा झाल्याखेरीज भरपाई मिळत नाही, आणि तो निर्दोष सुटला तर दावाही संपला. वस्तुतः हे दोन व्यवहार सर्वथा भिन्न आहेत. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय शाबीत व्हावा लागतो, कारण तेथे एका मनुष्याचे स्वातंत्र्य पणास लागलेले असते. न्यायाधिकरणापुढे मात्र अपघात चालकाच्या निष्काळजीपणाने घडला असणे अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या निर्णयात न्या. कृष्ण अय्यर यांनी, फौजदारी खटल्यातील निर्दोष मुक्तता दाव्याच्या आड येत नाही आणि तांत्रिक बारकाव्यांच्या आधारे जखमींना रिक्तहस्त पाठवू नये, असे स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. असे असले तरी पोलीस ठाण्यातील दप्तराचे महत्त्व तिळमात्र कमी होत नाही, कारण फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि जखमेचा दाखला हीच पुढे दाव्याची मुळे ठरतात. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात असलेल्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. परंतु ‘पोलीस पाठवतील’ या भरवशावर निश्चिंत न राहता या कागदांच्या नकला स्वतः मागून घेणे, हे जखमीच्या घरच्यांनी आपले कर्तव्य समजावे.

दुसरी कल्पना सद्गुणातून उपजते, म्हणून ती अधिक करुण वाटते. ‘थोडी चूक माझीही होती, मग मागू कोणत्या तोंडाने?’ असे म्हणून पुष्कळ सरळमार्गी माणसे दावाच करीत नाहीत. जखमीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. ती नष्ट होत नाही. शिवाय नियमभंग आणि निष्काळजीपणा या एकच गोष्टी नव्हेत. दुचाकीवर तिघे बसले होते, किंवा जखमी चालकाजवळ अनुज्ञप्ती नव्हती, एवढ्यावरून अपघातास त्याचा हातभार लागला असे गृहीत धरता येत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी अथवा दुखापतीशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितले आहे. त्याखेरीज, कोणाचाही दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये देणारे १६४वे कलमही आता कायद्यात आहे, आणि हाड मोडणे ही दंडविधानाच्या व्याख्येप्रमाणे गंभीर दुखापतच होय. मात्र येथे सावध असावे: विमा कंपनीच्या अधिकाऱ्याशी विहित रीतीने तडजोड करून ही रक्कम एकदा स्वीकारली, की १६६व्या कलमाखालचा मोठा दावा संपुष्टात येतो. ज्याचा पाय जन्माचा अधू झाला आहे त्याने ती घाईने घेणे हे माझ्या दृष्टीने फार महागाचे ठरते.

आता ज्या गैरसमजाने जखमींचे सर्वाधिक नुकसान होते, त्याकडे वळतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर जो शेकडा आकडा असतो, तेवढीच भरपाई असे लोक मानतात. दाखला ३० टक्के म्हणतो, म्हणजे हानीही ३० टक्के, असा हा हिशेब. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मुळापासून तपासला आहे. वैद्यकीय आकडा पुष्कळदा एका अवयवाचा असतो, सर्व शरीराचा नसतो. आणि शरीराचे अपंगत्व म्हणजे उपजीविकेचे अपंगत्व नव्हे. न्यायालयाने उदाहरण घेतले आहे ते डावा हात तुटलेल्या मनुष्याचे: तो वाहनचालक वा सुतार असेल, तर त्याची कमाईची शक्ती जवळजवळ संपूर्णतः नष्ट होईल, तोच सरकारी कचेरीतील कारकून असेल, तर कदाचित नोकरी टिकून राहील, आणि मग भरपाईचा भर भावी उत्पन्नाऐवजी आयुष्यातील सुखसोयींच्या हानीवर जाईल. म्हणून न्यायाधिकरणाने विचारावयाचा प्रश्न असा की, हा मनुष्य अपघातापूर्वी काय करीत होता, आता काय करू शकतो, आणि दुसरे कोणते काम करून पोट भरू शकतो.

हे आकड्यांत मांडल्यावाचून नीट उमगत नाही. अठ्ठावीस वर्षांचा, महिना १५,००० रुपये मिळविणारा एक गवंडी कल्पनेत घ्यावा. वार्षिक उत्पन्न झाले १,८०,००० रुपये. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतील मनुष्याच्या उत्पन्नात भावी वाढीदाखल ४० टक्के मिळवावेत असे २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने ठरविले आहे, ते मिळविल्यावर २,५२,००० झाले. आणि वय २६ ते ३० असता २००९ च्या सरला वर्मा निर्णयातील कोष्टकाप्रमाणे गुणक १७ येतो. गुणाकार ४२,८४,००० रुपये. आता दाखल्यावरील ३० टक्केच धरले, तर हानी १२,८५,२०० रुपये होते. पण पायाड चढणे अशक्य झाल्याने कमाईची हानी ६० टक्के आहे असे पुराव्याने दिसले, तर ती २५,७०,४०० रुपये होते. फरक आला तो दाखल्यामुळे नव्हे, तर तो पायाड चढू शकत नाही ही गोष्ट कोणी साक्षीत सांगितली की नाही यामुळे. म्हणून दाखला देणाऱ्या वैद्यास साक्षीस बोलावणे आणि मुकादमाचा किंवा सहकाऱ्याचा जबाब घेणे, या गोष्टींना कोणी निरर्थक सोपस्कार मानू नये. भावी वाढ केवळ मृत्यूच्या दाव्यांत मिळते, हाही भ्रम २०२० मध्ये उजवा हात गमावलेल्या एका टंकलेखकाच्या प्रकरणात दूर झाला. आणि मृताच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात तसा जखमीच्या उत्पन्नातून करावयाचा नसतो, कारण तो जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे.

उत्पन्नाच्या या एका सदराखेरीज औषधोपचार, प्रवास, पोषक आहार, शुश्रूषेस ठेवलेला मनुष्य, बुडालेली मजुरी, पुढे करावी लागणारी शस्त्रक्रिया, वेदना आणि जीवनातील आनंदास मुकणे, ही सर्व सदरे वेगवेगळी मागता येतात. औषधांच्या पावत्या जपाव्यात हे सर्वांस ठाऊक असते. परंतु पत्नीने किंवा आईने सहा महिने अहोरात्र केलेल्या सेवेचेही मूल्य असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून शेतमजुराने, आणि उत्पन्नच नाही म्हणून गृहिणीने अथवा विद्यार्थ्याने हातपाय गाळण्याचे कारण नाही: किमान वेतनाच्या आधारे अंदाज बांधता येतो, आणि गृहिणीच्या श्रमांस आर्थिक मूल्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून पुनःपुन्हा उच्चारले आहे. अर्जात मागितलेल्या रकमेहून अधिक मिळतच नाही, ही समजूतही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागप्पा निर्णयाने खोटी ठरविली. न्याय्य रक्कम जेवढी दिसेल तेवढी देणे न्यायाधिकरणाचे कर्तव्यच आहे.

स्वतःच्या आरोग्यविम्यातून रुग्णालयाचे बिल भागले, तर तेवढी रक्कम भरपाईतून वजा होते, असे कालपरवापर्यंत अनेक विधिज्ञही मानीत. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात आयुर्विम्याची रक्कम वजा करू नये असे ठरलेच होते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आरोग्यविम्यासही तोच न्याय लावला. स्वतः हप्ते भरून केलेल्या तजविजीचा लाभ अपराधी वाहनाच्या विमा कंपनीने उपटावा, यात कोणताच न्याय नव्हता.

एस. टी.च्या गाडीला विमा नसतो म्हणून पैसे कोण देणार, असे खेड्यापाड्यांतून विचारले जाते. ज्या सार्वजनिक महामंडळांना विम्यातून सूट दिलेली असते, त्यांनी त्यासाठी स्वतःचा निधी राखावयाचा असतो, आणि भरपाई त्यातून देय होते. चालकाजवळ अनुज्ञप्ती नव्हती अशी कैफियत विमा कंपनीने दिली, तरी न्यायाधिकरण पुष्कळदा तिला जखमीस आधी पैसे देऊन ते मागाहून वाहनमालकाकडून वसूल करण्याचा हुकूम देते. वाहन पळून गेले आणि त्याचा थांगच लागला नाही, तर गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये देणारी शासकीय योजना आहे. तिचा अर्ज प्रांत वा तहसील कचेरीतील चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून यावयाची असते. ही रक्कम तुटपुंजी आहे हे मान्यच. पण ती मागणारेही थोडेच असावेत याचे वाईट वाटते. याउलट काही ठिकाणी विम्याचे छत्र खरोखरच नसते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही: लग्नाचे वऱ्हाड मालवाहू टेम्पोत बसून निघाले असता अपघात झाला, किंवा ज्या दुचाकीवर मागे बसलो तिचाच विमा केवळ कायद्यापुरता, किमान स्वरूपाचा असला, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीवर दायित्व सामान्यतः येत नाही. तेथे मालक मात्र सुटत नाही.

मुदतीविषयी दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीचे बंधन काढून टाकले होते, त्यामुळे ‘केव्हाही करता येतो’ हे वाक्य अजून लोकांच्या ओठांवर आहे. पण १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा अंमलात आली. ज्याचे सहा महिने प्लास्टरमध्ये आणि शस्त्रक्रियांत जातात, त्याच्यावर हे बंधन लादणे मला कठोर वाटते. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशावर विसंबून कोणीही दिरंगाई करू नये. अपघात परजिल्ह्यात घडला म्हणून तेथेच खेटे घालावे लागतील, ही भीतीही निराधार आहे. अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील न्यायाधिकरणापुढेही अर्ज चालतो. नाशिकजवळ जखमी झालेल्या सोलापूरच्या मनुष्यास सोलापुरातच दाद मागता येते.

वकिलास रकमेचा शेकडा हिस्सा द्यावाच लागतो, अशी बोलवा आहे. निकालावर अवलंबून असलेली अथवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणारी फी ठरविण्यास वकील परिषदेच्या नियमांनी मनाई केलेली आहे; म्हणून फी आधी ठरवावी, लेखी ठरवावी, आणि कोऱ्या कागदावर अथवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये, मग समोरचा मनुष्य रुग्णालयाच्या दाराशी कितीही सहानुभूतीने उभा असो. लोकअदालतीतील तडजोड पुष्कळदा हितावह असते, कारण पैसे लवकर हाती येतात. पण तिच्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा पुढील शस्त्रक्रियेचा अंदाज वैद्याकडून लेखी घेतल्याशिवाय आकडा मान्य करू नये.

निवाडा झाल्यावर ३० दिवसांत रक्कम जमा करणे जाबदारावर बंधनकारक आहे, आणि तिच्यावर व्याजही मिळते; ते न मिळाल्यास वसुलीची दाद त्याच न्यायाधिकरणाकडे मागता येते. रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवते, तेव्हा अनेक अर्जदारांना आपले पैसे अडकवून ठेवल्यासारखे वाटते. ही तजवीज अज्ञान मुले आणि निरक्षर अर्जदार यांची फसवणूक होऊ नये म्हणून केलेली आहे, आणि ती कायमची कुलूपबंद नसते: हाडात बसविलेली पट्टी काढावयाची आहे, जयपूर फूट बदलावयाचा आहे, किंवा बसून करता येण्याजोगा धंदा काढावयाचा आहे, असे कारण आणि त्याचे कागद जोडून अर्ज दिला, तर मुदतीपूर्वी आवश्यक तेवढी रक्कम काढण्यास न्यायाधिकरण परवानगी देऊ शकते.