लिव्ह अँड लायसन्स करार (महाराष्ट्र)

लिव्ह अँड लायसन्स करार हा महाराष्ट्रात स्वतःचे घर दुसऱ्यास ठरावीक मुदतीसाठी वापरण्यास देण्याचा लेखी करार आहे. व्यवहारात यालाच 'भाडेकरार' म्हणतात. परंतु भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो, तर या कराराने केवळ वापराची परवानगी मिळते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये अशा परवान्याची व्याख्या आहे. एक-दोन घरे भाड्याने देणाऱ्या लहान घरमालकांमध्ये हा करार विशेष प्रचलित आहे.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली आणि भाडेकरूस घराबाहेर काढणे कठीण झाले. त्यामुळे घरमालक भाडेपट्ट्याऐवजी परवाना देऊ लागले. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध परवान्याने जागेत राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. आपले घर परत मिळणार नाही, ही घरमालकांची भीती या दुरुस्तीमुळे वाढली. १९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

नोंदणी

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. मात्र १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ मुदतीचा विचार न करता लेखी करार व त्याची नोंदणी बंधनकारक करते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारतात. ते एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परतावायोग्य अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर मोजतात. उदाहरणार्थ, दरमहा ₹१०,००० भाडे, ₹५०,००० परतावायोग्य अनामत व २४ महिने मुदत असल्यास ₹२,४०,००० अधिक ₹१०,००० अशा ₹२,५०,००० वर ₹६२५ शुल्क होते. नोंदणी शुल्क नागरी क्षेत्रात ₹१,००० व ग्रामीण क्षेत्रात ₹५०० आहे. नोंदणी ऑनलाइनही करता येते.

ताबा परत मिळवणे

निवासी परवान्याची मुदत संपूनही घर रिकामे न केल्यास घरमालकाला कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहणाऱ्यास समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्राद्वारे बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. परस्पर वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप लावणे हा कायदेशीर मार्ग नाही.

इतर बाबी

करारात अनामत परत करण्याची मुदत, वीजबिल, दुरुस्तीची जबाबदारी आणि घरातील वस्तूंची यादी स्पष्ट लिहिल्यास पुढील वाद टळतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेस बिनभोगवटा शुल्क आकारता येते, परंतु १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. प्राप्तिकरासाठी भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

मोरा व उरण परिसर

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील मोरा बंदर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी जलवाहतुकीने जोडलेले आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे व अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. १९८४ च्या जासई आंदोलनानंतर आकारास आलेल्या १२.५ टक्के योजनेतून नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त कुटुंबांना विकसित भूखंड मिळाले. अशा भूखंडावर घर बांधून खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबासाठी भाडे हे जमिनीच्या उत्पन्नाची जागा घेणारे साधन ठरते. तालुक्यात नगर परिषद व ग्रामपंचायत अशी दोन्ही क्षेत्रे असल्याने नोंदणी शुल्क घराच्या स्थानानुसार बदलते. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिसांना कळवावी लागते. मोऱ्यात त्यासाठी मोरा सागरी पोलीस ठाणे आहे.