हळद आणि हेडशॉट

तुळशीचं लग्न लागलं की ताडकळससारख्या बाजारपेठेच्या गावात फोटो स्टुडिओवाल्यांना जेवायला बसायचीही फुरसत राहत नाही. आसपासच्या खेड्यांतल्या ऑर्डरी सुरू होतात. दाट तिथीला एका गावात हळद असते, त्याच दिवशी दुसऱ्या गावात अक्षता. कार्डातले हजारो फोटो कॉम्प्युटरवर उतरतात आणि मग रात्र रात्र निवड, रंगदुरुस्ती, अल्बमची शीटं असं चालतं. मृग लागला, पेरण्या सुरू झाल्या की तिथी विरळ होतात. तेव्हा त्याच खुर्चीवर, त्याच पडद्यासमोर हेडफोन चढवून ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ सुरू होतं. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या या गावात दोन कामांसाठी दोन मॉनिटर कोण घेणार? घ्यायचा तो एकच, आणि त्यानंच नवरीची हळदही दाखवायची आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेला शत्रूही.

ही दोन्ही कामं पडद्याकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात. खेळाला वेग हवा आणि अंधारातलं लख्ख दिसायला हवं. फोटोला खरा रंग हवा, आणि जे अंधारात आहे ते अंधारातच राहायला हवं. मॉनिटर निवडताना बहुतेक जण खोक्यावरचे आकडे बघतात: किती हर्ट्झ, किती मिलिसेकंद, किती इंच. स्टुडिओवाल्याचं नुकसान मात्र जिथं होतं ती जागा खोक्यावर लिहिलेली नसते.

अल्बम घरी गेल्यावर येणारी नेहमीची तक्रार बघा. “दादा, फोटो काळे कामून आले? पोरगी एवढी काळी नाही हो आमची.” स्टुडिओवाला लॅबला फोन लावतो, लॅबवाला फाइल तपासायला सांगतो, आणि फाइल स्क्रीनवर तर झकास दिसत असते. ती झकास दिसते हीच अडचण. नवा मॉनिटर कारखान्यातून येतो तेव्हा त्याची ब्राइटनेस बहुधा चढवलेली असते. पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. आजचे साधे मॉनिटरही २५० ते ३५० निट उजेड फेकतात, काही गेमिंगवाले ४०० च्याही वर जातात. छापील फोटोला स्वतःचा उजेड नसतो, खोलीतला उजेड जेवढा परत फेकेल तेवढाच तो दिसतो. म्हणून छपाईसाठी काम करणारे लोक पडदा साधारण ८० ते १२० निटवर ठेवतात. तिप्पट उजळ पडद्यावर बसलेल्या माणसाला फोटो उजळ वाटतो, तो एक्स्पोजर खाली ओढतो, आणि लॅब त्याला अंधार छापून देते.

गेमिंग मॉनिटरमध्ये यावर आणखी एका सोयीची भर पडते. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात, बेनक्यू तिला ‘ब्लॅक इक्वलायझर’ म्हणते, आसूस ‘शॅडो बूस्ट’. काम एकच: गडद भाग कृत्रिमपणे उजळवायचा, म्हणजे सावलीतला शत्रू आधी दिसतो. खेळताना ही सोय उत्तम आहे. पण रात्री खेळून झाल्यावर ती तशीच चालू राहिली आणि सकाळी त्याच पडद्यावर मांडवातले फोटो उघडले, तर नवरदेवाच्या काळ्या कोटाच्या घड्या, नवरीच्या केसांतला गजऱ्यालगतचा भाग, मागच्या रांगेतल्या मंडळींचे चेहरे, सगळं स्वच्छ दिसतं. फाइलमध्ये ते तसं नसतंच. छापून आल्यावर कोट म्हणजे नुसता काळा ठिपका होतो.

म्हणून मॉनिटर बघताना पहिला प्रश्न विचारावा तो मेनूबद्दल. वेगवेगळ्या सेटिंगचे दोन संच साठवता येतात का? एक खेळाचा आणि एक कामाचा, आणि एका बटणात इकडून तिकडे जाता येतं का? दुसरा प्रश्न याहून नेमका आहे. मॉनिटरला ‘एसआरजीबी’ मोड असेल, तर त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमी-जास्त करता येते का? काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेसची पट्टी गोठवून टाकतात. मग रंग बरोबर, पण उजेड डोळ्यावर, आणि तो मोड स्टुडिओच्या काहीच कामाचा उरत नाही.

एसआरजीबी ही रंगांची सर्वमान्य हद्द एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडली, आणि लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लॅब आजही बहुतेक तिच्यातच जेपीजी मागतात. बाजारात मात्र ‘वाइड गॅमट’चा बोलबाला आहे. या पडद्यांना एसआरजीबीच्या हद्दीपलीकडचे रंग दाखवता येतात. खेळात ते छान दिसतं. पण पडद्याचं रंग-प्रोफाइल विंडोजला दिलेलं नसेल तर साधा फोटोही भडक दिसू लागतो. हळदीचे फोटो इथे हमखास फसवतात. हळदीच्या पिवळ्यात निळ्याचा अंश जवळजवळ शून्यावर गेलेला असतो. गालावरचा हळदीचा जाड थर, त्यातले बोटांचे ओरखडे, खालची कातडी हे सारं थोड्याशा फरकांवर तगून असतं. भडक पडद्यावर ते केशरी दिसतं, डिझायनर सॅच्युरेशन खाली आणतो, आणि अल्बममध्ये हळद मातकट होऊन उतरते.

चेहऱ्यांचंही तेच. मराठवाड्याच्या उन्हात आयुष्य काढलेल्या बापाचा चेहरा आणि मेकअप केलेल्या मुलीचा चेहरा एकाच फोटोत शेजारी शेजारी असतात. दोघांनाही न्याय द्यायचा तर सावळ्या रंगातल्या छटा पडद्यावर सुट्या दिसायला हव्यात. कोडॅकच्या काळात लॅब रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ वापरत. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि कित्येक वर्षं सावळे चेहरे त्या मापानं छापले गेले. आज फाइल आपल्या हातात आहे, पडदाही आपण निवडतो. सावळा माणूस सावळाच, पण जिवंत दिसावा, ही जबाबदारी आता लॅबवर ढकलता येत नाही.

पडदा छपाईशी जुळवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कॅलिब्रेटर. डेटाकलर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र पडद्यावर टेकवलं की ते एकेक रंग मोजून प्रोफाइल तयार करतं. लहान स्टुडिओला ते महाग पडतं, पण चार-पाच स्टुडिओवाल्यांनी मिळून एक घेतलं तर वर्षभर सगळ्यांचं भागतं. तेही जमत नसेल तर एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. हळद, पांढरा सदरा, काळा कोट आणि सावळा चेहरा असलेला एक फोटो निवडायचा. त्यात काही फेरफार न करता नेहमीच्या लॅबकडून नेहमीच्याच कागदावर छापून घ्यायचा. प्रिंट पडद्याशेजारी पांढऱ्या दिव्याखाली धरायची, तीच फाइल उघडायची आणि फाइलला हात न लावता मॉनिटरची ब्राइटनेस हळूहळू खाली आणायची. आधी सदरा जुळतो, मग कोटाच्या घड्या प्रिंटइतक्याच बुडतात. त्या जागी थांबायचं आणि तो आकडा कामाच्या संचात साठवून टाकायचा. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटतो, डोळा रुळला की वाटत नाही.

पॅनेलच्या निवडीत फार घोळ घालायचं कारण नाही. जुन्या टीएन पॅनेलवर मान थोडी वर-खाली झाली तरी रंग बदलतो, फोटोसाठी ते बादच. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुंदर, पण काही व्हीए पडद्यांवर वेगानं फिरताना गडद भागांमागे काजळीसारखा ओघळ राहतो. ओएलईडी दोन्ही कामांत देखणा, किमतीनं जड; शिवाय फोटोशॉपच्या पट्ट्या तासन् तास एकाच जागी राहिल्या तर त्यांची छाप पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो, आणि सीझनमध्ये त्या पट्ट्या रात्र रात्र तिथेच असतात. उरतो आयपीएस. बाजूनं बघितलं तरी रंग टिकतो, म्हणजे शेजारी बसून फोटो निवडणाऱ्या मुलीच्या मामालाही तेच दिसतं. वेगाच्या बाबतीतही आजचे आयपीएस मागे नाहीत. खोक्यावरच्या ‘१ एमएस’वर मात्र भाळू नये. काही कंपन्या तो आकडा मागचा दिवा लुकलुकवून मिळवतात.

आकारात २७ इंच आणि २५६० बाय १४४० ही जोडी दोन्ही कामांना सोसते. इंचाला सुमारे १०९ ठिपके येतात. तेवढ्याच इंचांत साधं १९२० बाय १०८० घेतलं तर ८२ येतात आणि मुंडावळ्यांचे मणी दातेरी दिसू लागतात. १०८० च घ्यायचं तर २४ इंचांवर थांबावं. अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं शीट ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ते कुठल्याच पडद्यावर पुरतं मावत नाही, पण १४४० चा ३७ लाख पिक्सेलचा पडदा १०८० च्या २१ लाखांच्या पडद्यापेक्षा त्याचा बराच मोठा तुकडा दाखवतो. फोर-केचा मोह आवरावा, कारण ते ८३ लाख पिक्सेल खेळाच्या वेळी ग्राफिक कार्डाला ओढावे लागतात.

हर्ट्झची गोष्ट सोपी. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९. हा फरक कुणालाही माउस हलवताच कळतो. १४४ वरून २४० ला गेल्यावर वाचतात ते जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. त्याचे पैसे रंगाकडे वळवावेत. ग्राफिक कार्ड साधं असेल तर ‘अडॅप्टिव्ह सिंक’ मात्र असू द्यावं. कार्डाचा वेग घसरला की पडदा आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो. २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डंही बऱ्याच फ्रीसिंक मॉनिटरांशी हे करतात.

खोलीचा विचार मॉनिटरइतकाच करावा लागतो. पाठीमागं शटर उघडं असेल तर दुपारचं ऊन पडद्यावर येतं आणि गडद छटा धुऊन निघतात. गुलाबी किंवा पोपटी भिंतीचा रंग डोळ्यात शिरतो आणि पांढरं पांढरं वाटेनासं होतं, पडद्यामागची भिंत तेवढी राखाडी करून घेतली तरी फरक पडतो. शिवाय अनेक मॉनिटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचं कमाल तापमान ४० अंश असतं. परभणीचा मे महिना त्याच्या वर जातो, आणि पत्र्याखालची खोली त्याच्याही वर. मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागं वारा खेळता ठेवावा. वीज जाऊन येते तिथे यूपीएसवर सीपीयूसोबत मॉनिटरही हवा, नाहीतर अर्धं शीट सेव्ह करायचं कुठं बघून?

ऑनलाइन मागवण्याआधी घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला आहे का ते विचारून घ्यावं. ती परभणी-नांदेडपर्यंतच असेल तर खोकं आणि थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवावं लागेल. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढावा. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे एकेक करून लावावेत, मेलेला पिक्सेल त्यात उघडा पडतो. पांढऱ्या पडद्यावर कोपरे पिवळट आहेत का, खोली अंधारी करून काळ्या पडद्यावर कडेनं उजेड झिरपतो का, तेही परतीची मुदत संपण्याआधीच बघायचं.

आणि केबल. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर तीच वापरावी. जुनी एचडीएमआय केबल लावली तर १४४० वर पूर्ण वेग मिळेलच असं नाही. डिस्प्लेपोर्टची केबल जोडल्यावरही बहुतेकदा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १४४ करावा लागतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन् महिने ६० वरच खेळत बसलेली पोरं सगळीकडे भेटतात.